मणक्याला इजा झालेल्या बाईने आई व्हायचं की नाही, हे ठरवायचं कोणी?

रानजाई: माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपूर्वी अपघात झाला, डी४ ला (पाठीच्या वरच्या भागातला, छातीमागचा चौथा मणका) इजा, छातीखाली संवेदना नाही, व्हीलचेअरवर असते. पाळी तेव्हा काही महिने बंद होती मग आपोआप सुरू झाली. आता दोघांना मूल हवंय आणि घरात सगळे म्हणतात, "स्वतःचं स्वतःला होत नाही, त्यात लेकरू कशाला?" एका डॉक्टरांनी तर तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्यालाच विचारलं, मूल बंद होण्याचं ऑपरेशन करून टाकायचं का. ती तिथेच बसली होती हो. तुम्हाला काय वाटतं?

सातपुडा: ताई, राग मानू नका, पण घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. दिवसातून चार-पाचदा लघवीसाठी कॅथेटर (नळी), रात्री कूस बदलणं, बेडसोअर झाला की महिनोन् महिने झोपून. आमच्या घरात काकांचं हे सगळं आईने केलंय, तिची कंबर गेली त्यात. बाळ झालं की तेही कुणा आईच्याच गळ्यात पडणार ना?

फिजिओवाली: मी अशाच पेशंटबरोबर काम करते. पाळी परत आली की दिवस राहण्याची क्षमता बायकांमध्ये बहुतेक वेळा पहिल्यासारखीच असते, हे कुणी सांगतच नाही! धोका आहे तो वेगळा. डी६ किंवा त्याच्या वरची इजा असेल तर कळांमध्ये बीपी एकदम चढू शकतं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होऊन घाम फुटतो, आणि नेमकं हेच गरोदरपणातलं बीपी समजून भलतेच उपचार होतात. एपिड्युरल (पाठीतून देतात ती कमरेखालची भूल) लवकर दिलं तर ते बरंच आटोक्यात राहतं. तिला कळा कदाचित कळणारही नाहीत, म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटावर हात ठेवून बघायला शिकवायचं. आणि नुसती इजा आहे म्हणून सिझर, असं नसतं.

सातपुडा: मान्य, पण हे सगळं माहीत असलेला भूलतज्ज्ञ तालुक्याला रात्री दोनला मिळणार आहे का? जिवाशी खेळ नको एवढंच म्हणणं आहे माझं.

फिजिओवाली: म्हणून तर आधीपासून ठरवायचं, मोठ्या हॉस्पिटलात नाव घालायचं, स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना दाखवायच्या. नाही म्हणणं हा त्याच्यावरचा उपाय नव्हे.

कोर्टाची पायरी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १० वाचा. तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणंच बंद करणारं कोणतंही ऑपरेशन करता येत नाही. नवऱ्याची सही पुरत नाही.

रानजाई: सातपुडा, तुमच्या आईचं वाचून गलबललं, आमच्याकडेही आईच करते सगळं, त्यामुळे पगारी मदतनीस ठेवायचं आम्ही दोघी बहिणींनी वाटून घेतलंय. बहिणीला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, चार वर्षांत माझं वजनसुद्धा कुणी केलं नाही, काट्यावर खुर्ची चढत नाही म्हणून अंदाजाने लिहितात. व्हीलचेअरसकट वजन होईल असा काटा आणि खाली येणारं तपासणीचं टेबल नाशिककडे कुठे आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.