अमेरिकन फुटबॉलमधला सध्याचा सर्वोत्तम सेफ्टी कोण: हॅमिल्टन, मॅकिनी की आणखी कोणी?

भुसावळ_जंक्शन

जळगाव-भुसावळच्या आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. विषय अमेरिकेतल्या एनएफएल लीगमधले सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यांच्या मागे उभे राहणारे खेळाडू. एका तटाचं म्हणणं, रेव्हन्स संघाच्या काइल हॅमिल्टनच्या पासंगालाही आज कोणी पुरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संघाने त्याला चार वर्षांचे १० कोटी ४ लाख डॉलर कबूल केले ते काय उगाच? दुसरा तट आकडे पुढे करतो. २०२४ च्या सीझनमध्ये लायन्सच्या कर्बी जोसेफच्या ९ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास हवेतच पकडणं), अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. पॅकर्सच्या झेवियर मॅकिनीच्या ८. हॅमिल्टनची फक्त एक. त्या वर्षी ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघातही जोसेफ आणि मॅकिनी होते.

मला विचारायचंय ते हे, की सेफ्टीची पारख करायची नेमकी कशावर? टीव्हीवर तर तो बहुतेक वेळ चौकटीबाहेरच असतो, बॉल हवेत गेला की कुठून तरी धावत येतो. आणि दुसरं, आम्ही इथे पाच-पाच जणांचं फ्लॅग (पाडण्याऐवजी कंबरेचा फ्लॅग ओढायचा तो फुटबॉल) खेळतो. मागे एकटा उभा राहणाऱ्या पोराने यांच्यापैकी कोणाचा खेळ बघावा? "मला अमुक आवडतो" छाप उत्तरं नकोत, कारणं द्या.

सातपुडा_२२

हॅमिल्टन. पण करारवालं कारण लंगडं आहे. जो शेवटी सही करतो त्याला बाजारभाव चढलेला मिळतो. मार्च २०२४ मध्ये मॅकिनी चार वर्षांसाठी ६ कोटी ७० लाखांत पॅकर्सकडे गेला, म्हणून तो दोन तृतीयांशच चांगला ठरतो का?

खरं कारण कामांच्या यादीत आहे. सेफ्टीला खोल मागे थांबून लांब पास अडवावा लागतो, स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूचा पास झेलणारा) किंवा टाइट एंडला (लाइनच्या टोकाचा धिप्पाड झेलणारा) अंगावर घ्यावं लागतं, प्ले सुरू होते त्या लाइनजवळ येऊन रन थांबवावा लागतो आणि अधूनमधून ब्लिट्झला, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून, जावं लागतं. बहुतेक सेफ्टी यातली दोन कामं उत्तम करतात, तिसरं निभावून नेतात. हॅमिल्टन चारही करतो. ६ फूट ४ इंच उंची, वजन १०० किलोच्या आसपास. २०२२ च्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीआधी, ४० यार्ड ४.५९ सेकंदांत धावला म्हणून "हळू आहे" असा बोभाटा झाला आणि गडी १४ व्या नंबरवर मिळाला. सेफ्टीचा वेग सरळ रेषेत मोजला की असं होतं. दोन पावलं आधी निघणाऱ्याला दहा यार्डांच्या आत तो फरक भरून काढता येतो.

२०२३ चा कोल्ट्सविरुद्धचा सामना बघा. एका सामन्यात तीन सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), तेही सेफ्टीचे. तो स्लॉट रिसीव्हरच्या समोर उभा असतो, त्यामुळे ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) ब्लॉकिंगची मोजणी करताना त्याला धरत नाही. स्नॅपला, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होताच, तो आत घुसतो आणि मागचा सेफ्टी खाली सरकून त्याचा रिसीव्हर उचलतो. पुढच्या प्लेला तो तिथेच उभा राहतो आणि घुसतच नाही. क्वार्टरबॅकला स्नॅपआधी काहीच कळत नाही. त्या सीझनमध्ये सर्वात कमी गुण देणारा आणि सर्वाधिक सॅक करणारा संघ रेव्हन्सच होता.

आता २०२४. सीझनच्या पहिल्या अर्ध्यात रेव्हन्सवर लांब पासांचा पाऊस पडत होता. मग सेफ्टी मार्कस विल्यम्सला बाकावर बसवलं, आर्डेरियस वॉशिंग्टनला आत घेतलं आणि हॅमिल्टनला पुढून उचलून मागे नेलं. लांब पास आटले. त्याची इंटरसेप्शन एकच का, याचं उत्तरही यातच आहे. मागे तो उभा आहे म्हटल्यावर क्वार्टरबॅक तिकडे बॉलच टाकत नाही, आणि न टाकलेला पास कुठल्याच आकड्यात येत नाही.

अमळनेरकर

सातपुडाभाऊ, तुम्ही माझंच वकीलपत्र घेतलं की! पुढचा माणूस मागे नेल्यावर बचाव सावरला, म्हणजे मौल्यवान जागा कोणती झाली? मागची. ती जागा सीझनभर धरून ठेवणाऱ्याला सर्वोत्तम म्हणा. माझं मत मॅकिनी.

मैदानाची रुंदी ५३⅓ यार्ड. कव्हर-३ मध्ये, म्हणजे मागचं मैदान तिघांत वाटून राखतात तेव्हा, मागच्या एकट्या सेफ्टीला मधला तिसरा हिस्सा, पण त्याची खरी परीक्षा दोन सीमवर, म्हणजे हिश्श्यांमधल्या सांध्यांवर, असते. दोन्ही बाजूंचे स्लॉट रिसीव्हर एकाच वेळी सरळ वर धावले की त्याला दोघांच्या बरोब्बर मध्ये राहायचं असतं, बॉल सुटेपर्यंत कोणालाच बांधील व्हायचं नसतं. क्वार्टरबॅक डोळ्यांनी डावीकडे ओढतो आणि उजवीकडे फेकतो. इथे कच्चे सेफ्टी नजरेवर जातात. मुरलेला खांदा आणि पुढच्या पायाचा अंगठा बघतो, कारण नजर खोटी बोलू शकते, पण ३० यार्डांचा पास पाय न वळवता जोरात जात नाही.

कव्हर-४ मध्ये, म्हणजे चौघांत वाटून राखताना, चूक वेगळी. तिथे सेफ्टीची किल्ली म्हणजे बाहेरून दुसरा रिसीव्हर. तो ८-१० यार्डांच्या पुढे सरळ गेला तर तुझा, आधीच बाहेर वळला तर त्याला सोड आणि बाहेरच्या रिसीव्हरला आतून मदत कर. हे हेरून ऑफेन्स काय करतो? दुसरा रिसीव्हर १२ यार्डांवर आत वळतो, त्याला डिग म्हणतात. सेफ्टी हावरटपणे त्याच्यावर झडप घालतो आणि त्याच क्षणी बाहेरचा रिसीव्हर त्याच्या डोक्यावरून पोस्ट मारतो, म्हणजे खोल धावून आत गोलपोस्टकडे वळतो. कॉर्नर (कडेचा बचावपटू) बाहेरच्या बाजूने उभा, आतली बाजू मोकळी, थेट टचडाउन (शेवटच्या पट्ट्यात बॉल नेऊन गुण). कबड्डीत मध्यरक्षकाचा ॲडव्हान्स टॅकल चुकल्यावर जी अवस्था होते तीच. मॅकिनी डिगवर जातो, पण कंबर पूर्ण वळवत नाही. पोस्ट दिसला की मागे फिरायची वाट उघडी ठेवतो. कोच फिल्म (सगळे खेळाडू दिसणारं चित्रण) चालवून बघा, त्याचे पाय बघण्यासारखे असतात.

आणि कृपा करून ९ विरुद्ध ८ विरुद्ध १ हे थांबवा. इंटरसेप्शन दरवर्षी टिकत नाहीत. ट्रेव्हॉन डिग्ज कॉर्नर आहे, पण उदाहरण चोख आहे: २०२१ मध्ये ११, पुढच्या वर्षी ३. खुद्द मॅकिनीच्या २०२३ मध्ये जायंट्सकडे ३ होत्या. जोसेफचा हात चांगलाच आहे, त्याचं श्रेय काढून घेत नाही, पण बचाव प्रशिक्षक ॲरन ग्लेनच्या हाताखाली लायन्स पुष्कळ मॅन कव्हरेज खेळायचे. कॉर्नर माणसाला चिकटलेले, मागचा सेफ्टी मोकळा, डोळे सतत क्वार्टरबॅकवर. बॉलवर जायची संधी अशा रचनेत जास्त मिळते. आकडा वाचताना रचना आधी वाचा.

नंदुरबार_लोकल

दादा, तुमनं बठ्ठं खरं शे, पन विनफिल्ड कथा गया?

टँपाचा अँट्वान विनफिल्ड ज्युनियर, २०२३: सहा सॅक, सहा फोर्स्ड फंबल (समोरच्याच्या हातून बॉल पाडणं), तीन इंटरसेप्शन. सीझनच्या शेवटच्या सामन्यात पँथर्सचा डी. जे. चार्क टचडाउनसाठी गोल लाइनकडे झेपावत होता, विनफिल्डने मागून गाठून बॉल हातातून उडवला. बॉल गोल लाइनपलीकडच्या एंड झोनमधून बाहेर गेला, म्हणजे टचबॅक, ताबा टँपाकडे. सामना ९-० ने जिंकून डिव्हिजन, म्हणजे लीगमधला त्यांचा गट, त्यांनी मारला. कव्हरेज शाबूत असताना चांगलं खेळणारे खूप आहेत. कव्हरेज फाटल्यावरही जो प्ले सोडत नाही तो माझा सेफ्टी.

सातपुडा_२२

विनफिल्डचं २०२३ कोणी नाकारत नाही. पण एका सीझनवरच न्याय करायचा तर पहिल्याच वर्षी ऑल-प्रो झालेला डर्विन जेम्सही आहे, २०१८. पुढची दोन वर्षं दुखापतींनी खाल्ली, २०२० तर पूर्ण गेलं. सर्वोत्तम ठरवताना निदान तीन सीझन सलग बघा.

अमळनेरकर, मॅकिनीच्या पायांबद्दल मान्य. माझा आक्षेप एवढाच की तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) समोर ट्रॅव्हिस केल्सीसारखा टाइट एंड असेल तर तुम्ही मॅकिनीला त्याच्या अंगावर पाठवाल का? हॅमिल्टनला पाठवाल. त्यासाठी वेगळा माणूस मैदानात आणावा लागत नाही, म्हणजे क्वार्टरबॅकला माणसं बघून डाव ओळखता येत नाही.

भुसावळ_जंक्शन

जुन्यांचं काय मग? आमच्याकडे एक जण एड रीडशिवाय बोलत नाही, दुसरा क्राउजच्या ८१ इंटरसेप्शनवर अडून बसलाय.

तापीकाठ

पॉल क्राउजच्या ८१ हा आजही विक्रम आहे, पण तो १९६४ ते १९७९ खेळला. त्या काळात शंभर पासांमागे पाचेक इंटरसेप्शन व्हायच्या, आज दोनच्या थोड्या वर. १९७८ मध्ये नियम बदलून रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्के देणं बंद झालं, पास सोपे झाले, क्वार्टरबॅक सावध झाले. उलट बाजूने हेही धरा, की १९७७ पर्यंत सीझन १४ सामन्यांचा होता आणि पास मुळात कमी. ८१ खोटे नाहीत, पण जोसेफच्या ९ शेजारी ठेवून वाचायचे नाहीत.

रॉनी लॉटच्या ६३, पण त्याचे निम्मे टॅकल आज टाकले तर १५ यार्ड दंड, वर फर्स्ट डाउन, म्हणजे नव्याने प्रयत्न, फुकट. आजच्या सेफ्टीला खांदा खाली ठेवून, डोकं बाजूला काढून, मांड्यांना मिठी मारावी लागते. हे शिकायला अवघड आहे, कारण रिसीव्हर ऐन वेळी स्वतःच खाली वाकतो आणि लक्ष्य फूटभर सरकतं.

रीड वेगळाच. ६४ इंटरसेप्शन, त्यावर १,५९० यार्ड परतीची धाव, हा विक्रम. २००८ मध्ये १०७ यार्डांची एक परत, तोही विक्रम. त्याची खुबी म्हणजे आमिष. फिल्म बघून त्याला माहीत असायचं की क्वार्टरबॅक स्नॅपनंतर त्याच्याकडे एकदाच बघणार. त्या एका नजरेपुरता तो चुकीच्या जागी उभा राहायचा आणि नजर हटली की निघायचा. प्रशिक्षकाने आखलेलं कव्हरेज मोडूनच तो हे करायचा, म्हणून नवख्यांनी त्याची नक्कल करू नये. दहापैकी सात वेळा अंदाज बरोबर आला तरी उरलेले तीन टचडाउन असतात.

ट्रॉय पोलामालूचा पिंडही तोच, फक्त तो लाइनजवळ जुगार खेळायचा. २००४ मध्ये रीड, २००७ मध्ये बॉब सँडर्स, २०१० मध्ये पोलामालू वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू झाला. त्यानंतर एकाही सेफ्टीला तो मान नाही. मत देणाऱ्यांना सॅक दिसतात, बंद केलेली मधली वाट दिसत नाही. थोडक्यात, सर्वकाळात रीड, आज हॅमिल्टन, आणि मुलांना शिकवायला अमळनेरकरांचा मॅकिनी.

अमळनेरकर

या वाक्याचा तिसरा भाग फ्रेम करून लावतो.

धुळे_फ्लॅग

फ्लॅगचं राहिलंच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो खेळ आहे तो हाच पाच-पाचचा: ५० × २५ यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन, म्हणजे चुन्याने आखताना एकूण सुमारे ६४ × २३ मीटर. रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) ७ यार्ड मागून निघतो, म्हणून क्वार्टरबॅकला तीन-साडेतीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात चपळ पोरगा २० यार्ड वर पोचतो. सेफ्टीला लाइनपासून १० ते १२ यार्डांवर उभं करा. आठवर उभा राहिला तर पहिल्याच प्लेला डोक्यावरून जाईल. पंधरावर गेला तर समोरचे छोटे पास फुकट.

बघायचा मॅकिनी किंवा दुसरा एक सेफ्टी, जेसी बेट्स. हॅमिल्टन नको. त्याची अर्धी करामत अंगाला अंग भिडवण्यात आहे आणि फ्लॅगमध्ये तो फाउल.

चुका तीनच ठिकाणी होतात. पहिली, पोरं बॉल सुटायच्या आधी पुढे येतात. नियम घालून द्या: बॉल हातातून सुटेपर्यंत सर्वात मागच्या रिसीव्हरच्याही मागे राहायचं. दुसरी, धावणाऱ्याच्या आत्ताच्या जागेकडे पळतात. तो साइडलाइनला जिथे पोचेल त्या जागेकडे तिरपं पळायचं, त्याला आतल्या बाजूने झाकत न्यायचं, साइडलाइन आपोआप दुसरा बचावपटू होते. तिसरी, छातीकडे बघतात. खांदे आणि डोकं हूल देतात, कंबर देत नाही. नजर कंबरेवर, शेवटच्या दोन यार्डांत पावलं छोटी, गुडघे वाकवून, आणि जवळच्या हाताने जवळचा फ्लॅग. दोन्ही हातांनी झडप घातली की तोल जातो.

पाय मागे टाकत उलटं धावणं आपल्या काळ्या मातीत जरा जपून. पावसाळ्यात चिखल बुटाला लोळ्यासारखा चिकटतो, उन्हाळ्यात भेगांमध्ये टाच अडकून घोटा मुरगळतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच कंबर अर्धी वळवून बाजूच्या पावलांनी मागे सरका, डोळे क्वार्टरबॅकवर. सरावाला पाच शंकू पुरतात: एक मध्ये, चार कोपऱ्यांवर १० यार्डांवर. एकाने हात दाखवायचा, सेफ्टीने वळून त्या शंकूकडे निघायचं, आणि पहिलं पाऊल मागे पडतंय की पुढे, एवढंच बघायचं. मागच्या शंकूकडे निघताना पुढे पडलं तर तो प्ले गेला समजा. मेमध्ये हा सराव सकाळी साडेसातच्या आत उरका आणि बुटाला रबरी स्टड असू द्या, लोखंडी नको.