डंबेल, दंड आणि ब्लाऊजची माया

ताई, तुमच्या लग्नाला १२ आठवडे आहेत आणि डंबेलने दंड जाड होऊन ब्लाऊज बसणार नाही, ही भीती सोडा. एवढ्या काळात बायकांचे दंड फुगत नाहीत. खांदे जरा भरतात, पाठ ताठ राहते. तरी ब्लाऊजची शेवटची फिटिंग २-३ आठवडे आधी ठेवा आणि आत इंचभर माया सोडायला सांगा.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरच्या चालण्याच्या फेऱ्या चालू राहू द्या, पण त्याने हातापाठीची ताकद वाढत नाही. आठवड्यातून ३ दिवस, एकाआड एक: गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून उठाबशा), रोमानियन डेडलिफ्ट (डंबेल हातात घेऊन कमरेतून वाकून उठणं), एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), शोल्डर प्रेस (डंबेल खांद्यापासून डोक्यावर नेणं). प्रत्येकी ३ सेट, एका सेटमध्ये सलग ८ ते १० रेप्स (म्हणजे तितक्या वेळा), दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. सेट संपताना फार तर आणखी २ रेप्स निघतील, असं वजन घ्या. तिन्ही सेटमध्ये १० जमले की वजन वाढवा. बहुतेकींचं इथेच चुकतं, त्याच २ किलोच्या गुलाबी डंबेलवर महिने जातात!

डेडलिफ्टला कंबर धरते, कारण वाकताना पाठ गोल होते. गुडघे किंचित सैल, कुल्ले मागे, डंबेल मांड्यांना घासत खाली. पाठ गोल व्हायला लागली की तिथूनच वर या.

प्रथिनं रोज, शरीराच्या वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम. मिसळीच्या मटकीवर एवढं भागत नाही. पनीर, अंडी, सोयाबीन लागेल.

शेवटच्या आठवड्यात सेट निम्मे, नवा व्यायाम अजिबात नको. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं, आणि तुम्हाला नऊवारीत पाटावर मांडी घालून बसायचंय.