शाळेत काय शिकवायलेत, हे घरापर्यंत कसं पोचवावं?

मांजराकाठची (लातूर जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची यंदा मी अध्यक्ष झाले. झाले म्हणजे काय, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के आईबाप लागतात आणि निम्म्या बायका. पालकसभेला बायका आलेल्या मोजक्याच, त्यात मी पुढच्या रांगेत आणि बारावी झालेली. सरांनी नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, संपला विषय. माझा धंदा शिवणकामाचा. ब्लाउज, परकर आणि जूनमध्ये गणवेश.

शाळा पहिली ते चौथी. एक सर, एक बाई, दोघांकडं दोन-दोन वर्ग. शाळा वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर इथं लगेच शिक्षकांच्या पगारावर चर्चा सुरू होईल.

पालकांचा व्हॉट्सअॅप गट आहे. त्यावर येतं काय? पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, एकाच रोपाला हात लावून उभी राहिलेली सगळी पुढारी मंडळी, लेझीम, नाच. खाली 'अभिनंदन सर', 'स्तुत्य उपक्रम' ही रांग. आणि ज्यांची लेकरं या शाळेत आहेत त्यातल्या कितीतरी घरी दिवसा फोनच नसतो. बाप पुण्याला कंपनीत नाहीतर ट्रॅक्टरवर, फोन त्याच्या खिशात. माय खुरपायला.

खिचडीची चव बघायला मी अधूनमधून जाते, चवीच्या वहीत लिहून सही करायची असते. भांडं उघडेस्तोवर वर्गाच्या दारात उभी राहते. परवा दुसरीतलं एक पोर ४२ मधून १७ वजा करत होतं. बाईंनी खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले. पोरापुढं चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. काढायच्या सात, सुट्या दोनच. त्यानं गठ्ठ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मग त्यानंच एका गठ्ठ्याचं रबर ओढून काढलं आणि स्वतःशीच म्हणालं, "बारा झाल्या की!" सात बाजूला, आणखी एक गठ्ठा बाजूला, उरले दोन गठ्ठे नि पाच काड्या. आम्हाला शाळेत 'शेजाऱ्याकडून उसना घे' एवढंच सांगितलेलं. उसना म्हणजे गठ्ठा सोडायचा, हे मला त्या दिवशी दिसलं.

त्याच पोराची माय संध्याकाळी ब्लाउज न्यायला आली. म्हणाली, "अध्यक्षीणबाई, शाळेत शिकवतेत का नुसतंच नाचवतेत? शेजारणीनं फोनवर दाखवलं, लेकरं नाचायलीत." पुढच्या वर्षी पोराला पिवळ्या गाडीत बसवायचं म्हणते, तालुक्याच्या इंग्लिश शाळेत. फी कुठून आणणार म्हणलं तर गप्प बसली.

तर विचारायचं हे की गठ्ठा सोडल्याची बातमी या माउलीपर्यंत कशी न्यावी? छापायला पैसे नाहीत. सर-बाईंच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचं नाही, ते आधीच ऑनलाइन माहित्या भरून बेजार आहेत. कुणी केलंय का असं काही?


ज्वारीचं कणीस (परभणी)

ताई, शाळेचं यूट्यूब चॅनल काढा. आमच्याकडं काढलंय. लिंक टाकली की झालं.


मांजराकाठची

दादा, फोनच घरी नसतो म्हणलं ना.


पेन्शनर मास्तर (नांदेड जिल्हा)

अध्यक्षताई, फळा शाळेच्या बाहेर काढा. फाटकावर नको, पालक फाटकापर्यंत येतच नाहीत, ही तर मूळ अडचण. जिथं माणसाला काम होईपर्यंत थांबावं लागतं तिथं लावा. पिठाची गिरणी, दूध डेअरी, किराणा. थांबलेला माणूस समोर असेल ते वाचतो, तंबाखूच्या पुडीवरचंसुद्धा वाचतो.

कंधारकडच्या माझ्या शाळेत आम्ही हे केलेलं आहे. आता तर सोय जास्त. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आला, त्या दिवशी लेकरांच्या हाताला वेळ असतो. चौथीच्यांनी लिहायचं, बाकीच्यांनी सांगायचं. चार-पाच ओळी, जास्त नको. पाहुणे, सत्कार, सुविचार, दिनविशेष सगळं बाद. सुविचाराला माझा खास विरोध आहे, तीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' वाचून गावात खोटं बोलणारा एक माणूस कमी झाला नाही.

प्रत्येक ओळीत कुणीतरी काहीतरी केलेलं असावं. आमच्या फळ्यावर यायचं ते असं: "तिसरीने शाळेची ओसरी मोजली. गुरुजींच्या पावलाने अकरा भरली, आमच्या पावलाने एकोणीस. मग मीटरपट्टी आणली." किंवा, "परसबागेत मेथी उगवली. शेपू अजून नाही." शेपूचं काय झालं ते विचारायला एक आजी चक्क शाळेत आली, घरचं बी घेऊन.

शुद्धलेखनाचं सांगतो. वहीत कच्चं लिहून घ्या, तपासा, मगच फळ्यावर. लेकरांचं जसंच्या तसं राहू द्यावं म्हणणारे आहेत. वर्गात खुशाल राहू द्या. चव्हाट्यावर नको, गावाला लेकराची वेलांटी आधी दिसते.

आणखी एक. सप्टेंबर जवळ आलाय. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन होईल, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालतील, भाषणं होतील. त्याच्या आधी लेकरांना म्हाताऱ्यांकडं धाडा. १९४८ साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या जवळ आहेत, फार उरले नाहीत. निजामी अमलात सरकारी शिक्षण उर्दूतून. आमच्या गावच्या एका आजोबांनी लेकरांना उर्दूतला धडा धडाधड म्हणून दाखवला, पाढे मात्र मराठीत. ती बातमी कुणी पुसू दिली नाही, दुसऱ्या शनिवारची बातमी भिंतीवर कोळशानं लिहावी लागली.


डोंगरपट्टी (बीड जिल्हा)

मी शिक्षिका आहे. गुरुजींना नमस्कार. फळा चांगलाच, पण आमच्याकडं बऱ्याच आयांना वाचता येत नाही. आणि दिवाळीनंतर वाचणारे, न वाचणारे दोन्ही गावात नसतात. कोयता घेऊन ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येतात, मार्च-एप्रिलात. काही लेकरं बरोबर जातात, काही आजीकडं, काही हंगामी वसतिगृहात. त्या आईबापाला गावातला फळा काय कामाचा?

मी आवाज पाठवते. फोटो नाही, व्हिडिओ नाही, कारण त्याला नेट जास्त लागतं आणि फडात रेंज कधी असते कधी नसते. लेकरानं पुस्तकातला एक उतारा वाचायचा, मिनिटभर, बास. "आई, कधी येणार" हे मी त्यात येऊ देत नाही. आधी यायचं, मग दोन्हीकडं रडारड. आता नुसतं वाचन. जोडाक्षरावर अडखळलं तरी ते कापत नाही, परत वाचायला लावत नाही. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, रात्री भाकरी करताना ऐकतात. एका आईनं उलट निरोप धाडला, "परवा वाचलं तेच परत वाचायलंय, पुढचं पान वाचाय लावा." तिला अक्षर येत नाही, पण पान तेच आहे हे तिनं बरोबर ओळखलं.

ताई, तुमच्या गावात पुण्याला गेलेले बाप आहेत ना? त्यांच्या खिशातल्या फोनवर हे पाठवा. बाप रविवारी फोन करतो तेव्हा बायकोला आपणहून सांगतो.


कोरडवाहू (धाराशिव जिल्हा)

मी शेतकरी, दोन लेकरं झेडपीत. थोडं उलटं बोलतो, राग मानू नका.

फळ्यावर लेकराचं नाव लिहिताना दहादा विचार करा. आमच्या गावात 'अमुक मुलगी आता वाचू लागली' असं कौतुकानं लिहिलं. वाचणारे काय म्हणाले? "म्हणजे आजवर येत नव्हतं का?" त्या पोरीला आठवडाभर चिडवलं. तेव्हा 'दुसरीनं केलं', 'चौथीनं केलं' एवढंच लिहा. ज्याच्या घरी कळायला पाहिजे तिथं बाईंनी किंवा तुम्ही तोंडी सांगा. ब्लाउज न्यायला येतेतच की सगळ्या.

दुसरं, गडी माणसं 'मेथी उगवली' वाचायला थांबणार नाहीत. पाऊस लिहा. लेकरांनी मोजलेला पाऊस, रोजचा, मिलिमीटरमध्ये. आमच्याकडं पावसाळ्यात दुसरं बोलणंच नसतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, हे तुम्हाला पारावरचा कुणीही सांगेल. पण मंडळाचं पर्जन्यमापक असतं दूर, तिकडं बदाबदा कोसळतो आणि आमच्या शिवारात नुसता शिंतोडा, नाहीतर त्याच्या उलट. शाळेचा आकडा सरकारदरबारी चालत नाही, मान्य. पण तो वाचायला माणसं येणार. आणि आली की खालच्या चार ओळीही वाचणार.


डोंगरपट्टी

कोरडवाहू दादांचं बरोबर आहे. पर्जन्यमापक करायला खर्च नाही, मी चौथीकडून करून घेते, म्हणून सविस्तर सांगते.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, पण सरळ अंगाची. मध्ये कंबर असलेली नको, आकडा चुकतो. गळा जिथं सुरू होतो तिथून वरचा भाग कापा आणि उलटा करून त्याच बाटलीत बसवा, झालं नरसाळं. बुडाला खळगे असतात, म्हणून आत थोडे खडे टाका आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. तिथं शून्याची खूण. तिथून वर पट्टी चिकटवा, वर पारदर्शक टेप. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच मापाची असल्यानं पट्टीवरचा मिलिमीटर तोच पावसाचा मिलिमीटर. घरातलं मोठं नरसाळं लहान बाटलीवर बसवलं तर हा हिशोब बिघडतो, पोरं हमखास तसं करतात.

जागा मोकळी हवी, भिंतीपासून आणि झाडापासून लांब. अर्धी बाटली मातीत पुरा, नाहीतर वाऱ्यानं आडवी होते. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, हवामान खात्याची तीच आहे. शाळा नऊच्या पुढं भरते, म्हणून शाळेजवळ राहणारं, पहाटे उठणारं एखादं पोर धरा. वाचून झालं की पाणी परत शून्यावर आणायचं.

यातून गणित फार निघतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचा पत्रा ६० चौरस मीटर धरा आणि पाऊस २० मिलिमीटर, १२०० लिटर नाल्यात गेलं. चौथीच्या पोरांनी हे काढलं त्या दिवशी वर्गात आधी कुणालाच पटेना. एक जण म्हणालं, "बाई, मग टँकर कामून आणतेत?"


मांजराकाठची

सगळ्यांचे आभार. मध्ये गौरी-गणपती, ब्लाउजांची गर्दी, त्यामुळं उशिरा लिहिते.

सरांना गुरुजींचं वाचून दाखवलं. सुविचाराच्या ओळीवर ते एवढे हसले की लगेच हो म्हणाले. गिरणीवाल्यानं बाहेरची भिंत दिली, आम्ही काळा चौकोन रंगवला. दोनच दिवसांत पिठाची भुकटी बसून फळा पांढरा, त्यावर खडूही पांढरा! म्हणून आता डेअरीच्या भिंतीवर हलवलाय. तिथं सकाळ-संध्याकाळ रांग असते, जागा बरी निघाली.

पावसाचा आकडा वर, मोठा. बाटली शाळेशेजारच्या घरातली चौथीची पोरगी वाचते, साडेआठच्या ठोक्याला. ऑगस्टात एका रात्री झोडपला तेव्हा डेअरीवर ४८ लिहिलेलं बघून एक काका तावातावानं शाळेत आले, "माझ्या घमेल्यात याच्यापेक्षा जास्त साठलं." बाईंनी लेकरांनाच उत्तर द्यायला लावलं. तिसरीतल्या एकानं विचारलं, "काका, घमेल्याचं तोंड मोठं आणि बूड लहान आहे का?" काका घरी जाऊन बघून आले. आता तेच डेअरीवर बाकीच्यांना समजावून सांगतात, जरा जास्तच सांगतात.

नावं लिहीत नाही, कोरडवाहू दादांचं ऐकलं. काड्यांच्या गठ्ठ्याचं त्या मायला मी तोंडीच सांगितलं. माझ्याकडच्या काजाच्या दोऱ्याच्या रिळांचे दहा-दहाचे गठ्ठे करून तिच्यापुढं ठेवले आणि ४२ मधून १७ काढायला लावले. तिला जमलं. म्हणाली, "हे माझं लेकरू करतंय?" पिवळ्या गाडीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. जूनमध्ये काय करते ते तेव्हा कळेल.

बाई आवाजाचं आठवड्यातून एकदाच करतात, ज्यांचे बाप बाहेर आहेत तेवढ्यांचंच. रोज जमणार नाही म्हणाल्या आणि मी आग्रह केला नाही.

व्हॉट्सअॅप गटावर सत्कार चालूच आहेत. ते बंद होतील असं वाटत नाही.

गुरुजी, एक विचारायचं राहिलं. डेअरीच्या भिंतीला उरलेला काळा ऑइलपेंट मारलाय. चकाकतो भारी, पण खडू घसरतो आणि उन्हात अक्षर दिसत नाही. काय करू?


पेन्शनर मास्तर

ऑइलपेंट नको. रंगाच्या दुकानात 'फळ्याचा काळा रंग' म्हणून मागा, तो चकाकत नाही. आधी आत्ताचा पेंट पॉलिशपेपरनं चांगला खरवडा, नाहीतर नवीन रंग पोपडे धरील. दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. मग लगेच लिहू नका. खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्यानं पुसा, त्यानंतरच लिहायला घ्या. हे केलं नाही तर पहिल्या दिवशीचं अक्षर वर्षभर पुसट दिसत राहतं. आणि पहिल्या दिवशी कुणी ना कुणी 'उद्घाटन' लिहितंच, म्हणून म्हणतो.