आईचे दोन्ही गुडघे बदललेत, विमानतळावर तपासणीला त्रास होईल का?

प्रश्न – नाशिककर
आई ७४ वर्षांची. पुण्याहून बंगळूरला बहिणीकडे निघालीय, तीही एकटी आणि पहिल्यांदाच विमानानं. दोन्ही गुडघे बदललेले, इन्सुलिनचं पेन रोज लागतं, नेसते नऊवारी. मशीन वाजलं की बाजूला नेऊन लुगडं सोडायला लावतात, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलंय. आता 'रेल्वेनंच जाते' म्हणते. खरं काय?

पुणेकर
व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. पॉवर बँक असेल तर हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत चालत नाही.

सातारची ताई
दादा, मी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून निवृत्त झाले. बरीच वर्षं विमानतळावर, बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड काढली. आईंना हे वाचूनच दाखवा.

मशीन वाजणारच, पण म्हणून काही वेगळं घडत नाही. आपल्याकडे ती मशीनची चौकट वाजो न वाजो, प्रत्येक बाईची तपासणी पडद्याआड बाईच करते. हातातलं यंत्र अंगावरून फिरतं, गरज पडली तर वरूनच हात लावून बघतात. गुडघ्यातल्या धातूसाठी काष्टा सोडायचं कारणच नाही. मंगळसूत्र, पाटल्या अंगावर राहू देतात.

फक्त आईंनी आधी बोलावं: 'बाळ, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.' एवढं कानावर पडलं की आमचा हात आपोआप जपून फिरतो. घाबरून गप्प उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचंच मला वाईट वाटायचं, कारण नेमकं कुठं दुखतंय हे कळायचं नाही. उभं राहवत नसेल तर खुर्चीत बसूनही तपासतात. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. ते गोठलं तर वाया जातं. पेन, सुया आणि चिठ्ठी एकाच पिशवीत.

ठाणेकर
पण ताई, २०२१ मध्ये नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांना विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावला होता ना?

सातारची ताई
हो. दलानं जाहीर माफी मागितली, आणि ती मागायलाच हवी होती. दर वेळी पाय काढायला लावणं म्हणजे माणसाला उघडं पाडणं. मात्र आईंचा सांधा शरीराच्या आत आहे, काढण्यासारखं काही नाही.

एवढी कडक तपासणी का, हेही आईंना सांगा. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदहारला नेलं. तोवर विमानतळांवर राज्यांचे पोलीस असायचे. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून हे काम आमच्या दलाकडे आलं. पडद्याआडच्या त्या पोरी आईंच्याच विमानाची काळजी घेत असतात.

नाशिककर
ताई, आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: लेकीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि चंचीतला अडकित्ता?

सातारची ताई
खोबरं घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकतं, म्हणून कुठल्याच बॅगेत चालत नाही. अडकित्ता मोठ्या बॅगेत. चंची, पान, सुपारी खुशाल जवळ ठेवा. चंची ट्रेमध्ये ठेवायला सांगतील, पलीकडे लगेच परत मिळते. सुपारी तेवढी आधीच कातरून घ्या.