आईची ॲड्रीनलची गाठ: दुर्बिणीतून काढावी की पोट उघडून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई ५४ वर्षांची, सांगलीला असते. बीपीच्या तीन गोळ्या चालू तरी बीपी १७०च्या खाली येईना, रात्री पायात गोळे यायचे, शेवटी पोटॅशियम तपासलं तर कमी, २.८. मग रक्तात अल्डोस्टेरॉन (ॲड्रीनलमधून येणारं, बीपी वाढवणारं हार्मोन) जास्त, रेनिन (किडनीतून येणारं, बीपीशी संबंधित) कमी आणि सीटी स्कॅनमध्ये उजव्या किडनीच्या वर असलेल्या ॲड्रीनल ग्रंथीवर १.८ सेमीची गाठ. कॅन्सरची वाटत नाही म्हणाले, पण काढायची आहे.

आता घोळ असा की इथले सर्जन म्हणतात उघडूनच करू, कारण २० वर्षांपूर्वी आईचं पित्ताशय पोट उघडून काढलंय, आत सगळं चिकटलेलं असणार, आणि उजवीकडची ॲड्रीनलची शीर आखूड, थेट महाशिरेलाच (हृदयाकडे रक्त नेणारी पोटातली मोठी शीर) जोडलेली, तिथे रक्तस्राव झाला तर पंचाईत. पुण्याचे डॉक्टर म्हणतात एवढ्याशा गाठीला मोठा छेद कशाला, दुर्बिणीने दोन-तीन दिवसांत घरी. मामा म्हणतो उघडलं की सगळं डोळ्यांनी दिसतं (मामा एलआयसीत होता, पण असो). कुणी अनुभव घेतलाय का?

प्रतिसाद १
माझ्या भावाचं हेच झालं. त्याचंही पोटाचं जुनं ऑपरेशन होतं म्हणून पाठीतून दुर्बीण घातली, पालथं झोपवून बरगडीखाली तीन भोकं, पोटात शिरायचंच नाही त्यामुळे चिकटलेल्याचा प्रश्नच आला नाही. तिसऱ्या दिवशी घरी. पुण्यात विचारा की ही पद्धत ते स्वतः करतात का आणि वर्षाला किती करतात. गाठ मोठी, ६ सेमीच्या पुढची किंवा कॅन्सरचा संशय असेल तर उघडून करण्याकडे कल असतो, तुमची तशी नाही. आणि दुर्बिणीने सुरू करून अडलं तर उघडतात, ती सही आधीच घेतात, घाबरू नका.

प्रतिसाद २
छेदाचं नंतर बघा, आधी हे सांगा की दोन्हीकडच्या ॲड्रीनलच्या शिरांतून रक्त घेऊन तपासलंय का? या वयात सीटीत गाठ उजवीकडे आणि हार्मोन डावीकडून असंही निघतं. आणि ऑपरेशननंतर पोटॅशियम बहुतेक सुधारतं, बीपीच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्या बंद होत नाहीत, आईला आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता
फाईल आत्ता परत चाळली, शिरांची तपासणी कुठेच नाही!! सोमवारी पुण्याला फोन करतो. ती कुठे होते, कुणाला माहीत आहे का?