२ किलोवॅट मॅग्नेट्रॉन: दोन मिनिटांनी ॲनोड करंट का उसळतो?

तरंग२४५०:
२.४५ गिगाहर्ट्झचा, पाण्याने थंड होणारा २ किलोवॅटचा मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह निर्माण करणारी निर्वात नळी) आहे, चुंबक फेराइटचे. स्विचिंग पॉवर सप्लाय ४.५ किलोव्होल्टवर लावलेला; ॲनोड करंट सुरुवातीला ६५० मिलिअँपिअर. फिलामेंटला (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला) वेगळा ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज सतत पूर्ण. पुढे डब्ल्यूआर-३४० वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची नळी), तीन स्टबचा ट्यूनर (आत-बाहेर होणाऱ्या धातूच्या दांड्यांनी लोड जुळवणारा), मग ६० डीबीचा डायरेक्शनल कपलर (जाणारी आणि परतणारी पॉवर वेगवेगळी मोजायला) आणि शेवटी सिरॅमिक पावडर वाळवायची कॅव्हिटी (धातूची पेटी). सर्क्युलेटर (परतणारी पॉवर मॅग्नेट्रॉनपासून दूर वळवणारा भाग) नाही. दीड-दोन मिनिटे सगळे ठीक चालते, मग करंट सरकत ८००च्या वर जातो, झटके सुरू होतात आणि सप्लाय ट्रिप होतो. परावर्तित पॉवर ४० वॅटच दिसते. हे मोडिंग (मॅग्नेट्रॉनने चुकीच्या कंपनपद्धतीत उडी मारणे), की मॅग्नेट्रॉन संपला?

निर्वातनळी:
दोन वेगळे दोष आहेत, एकत्र धरू नका.

करंट सरकणे हे चुंबकाचे काम. फेराइटचे क्षेत्र दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घटते. तुमचे पाणी ॲनोड थंड करते, चुंबक तापतच राहतो. तो ४० अंशांनी तापला की क्षेत्र ८ टक्के कमी, आणि मॅग्नेट्रॉन ज्या व्होल्टेजला चालतो तेही जवळपास तेवढेच खाली. उंबरठ्यापलीकडे व्होल्टेज किंचित वाढले तरी करंट खूप वाढतो. म्हणजे ४.५ किलोव्होल्ट धरून ठेवलात की करंट वाढणार, उष्णता वाढणार, क्षेत्र आणखी घटणार. सप्लाय व्होल्टेजवर नाही, करंटवर नियंत्रित करा. चुंबकाला पंख्याची हवाही द्या.

ॲनोड अर्थला असतो, त्यामुळे सप्लायचे धन टोक आणि अर्थ यांच्यामध्ये १ ओहमचा शंट (करंट मोजायचा रोध) बसवा: ६५० मिलिअँपिअरला ६५० मिलिव्होल्ट. शंट तुटला तर ते टोक थेट हाय व्होल्टेजला जाईल, म्हणून त्याला समांतर दोन्ही दिशांनी तीन-तीन डायोडची साखळी हवीच. आणि व्होल्टेजला वरची मर्यादा घाला, साधारण ५.५ किलोव्होल्ट, नाहीतर मोडिंगच्या क्षणी करंट सोर्स व्होल्टेज चढवत नेईल.

झटक्यांसाठी स्कोपवर करंट आणि व्होल्टेज एकत्र बघा. करंट पडताना व्होल्टेज उसळले तर मोडिंग. करंट उसळताना व्होल्टेज कोसळले तर आत आर्क (ठिणगी). हे न बघता मॅग्नेट्रॉन बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

फिलामेंट सतत पूर्ण व्होल्टेजवर ठेवू नका. चालू असताना परत येणारे इलेक्ट्रॉन कॅथोडवर आदळून तो आणखी तापवतात. थोरियमयुक्त टंगस्टनवरचा कार्बाइडचा थर त्याने झिजतो, उत्सर्जन घटते आणि मग खरोखरच मोडिंग सुरू होते. डेटाशीटमध्ये ॲनोड करंटनुसार फिलामेंट व्होल्टेज कमी करण्याचा आलेख असतो, तो पाळा.

वेव्हगाइडवाला:
वरचे बरोबर, पण ४० वॅटच्या आकड्यावर विसंबू नका. तुमचा कपलर ट्यूनरच्या पुढे, कॅव्हिटीच्या बाजूला आहे. तिथे फक्त कॅव्हिटीचे परावर्तन दिसते. स्टब कितीही फिरवा, ते प्रमाण बदलणार नाही. मॅग्नेट्रॉनला काय दिसते ते तुम्ही मोजतच नाही. कॅव्हिटी खरोखर २ टक्केच परत पाठवत असेल तर ट्यूनरच मॅच (जुळणी) बिघडवतो आहे.

त्यात कपलरची डायरेक्टिव्हिटी (दोन दिशा वेगळ्या ओळखण्याची क्षमता) २० डीबी असेल, तर ४० वॅटच्या वाचनामागे खरी पॉवर ३-४ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते. शिवाय पावडर सुकत जाते तसे तिचे शोषण घटते आणि परावर्तन वाढते.

क्रम असा हवा: मॅग्नेट्रॉन, वॉटर लोड (पॉवर पाण्यात शोषून घेणारा भाग) जोडलेला सर्क्युलेटर, कपलर, ट्यूनर, कॅव्हिटी. स्टब ३० मिलिमीटरच्या आसपास आत गेला की तो पाव तरंगलांबीचा होतो, अनुनादात येतो आणि ठिणगी पडते. त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा.

आधी ट्यूनर आणि कॅव्हिटी काढून मॅच केलेला वॉटर लोड लावा. मिनिटाला ३ लिटर पाण्याला २ किलोवॅटला साधारण ९.५ अंश वाढ यायला हवी. इथेही झटके आले तर दोष मॅग्नेट्रॉनचा किंवा सप्लायचा, नाही आले तर लोडचा.

तरंग२४५०:
आभार, मोजमापाची जागाच चुकली होती. पण सर्क्युलेटर लगेच मिळणार नाही. तोवर काय?

वेव्हगाइडवाला:
कपलर मॅग्नेट्रॉनकडे सरकवा आणि परावर्तन १० टक्क्यांवर गेले की सप्लाय बंद होईल अशी ट्रिप लावा. पॉवर १ किलोवॅटच्या आत ठेवा. कॅव्हिटीत टेफ्लॉनच्या नळीतून थोडे पाणी वाहते ठेवलेत तर पावडर सुकल्यावरही काहीतरी शोषले जाईल. कार्यक्षमता घटेल, पण मॅग्नेट्रॉन वाचेल. फोटोडायोडचा आर्क डिटेक्टरही बसवा. वेव्हगाइडमधला आर्क उगमाकडे धावतो आणि मॅग्नेट्रॉनच्या ॲन्टेनाच्या सिरॅमिक टोपीवर जाऊन थांबतो.

निर्वातनळी:
ट्रिप झाल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका. हाय व्होल्टेज कॅपॅसिटर ब्लीडरमधून (साठलेला चार्ज उतरवणाऱ्या रोधातून) उतरला आहे हे मोजून, टोके अर्थला टेकवून मगच ॲन्टेनाची टोपी बघा. काळी पडली किंवा तडा दिसला तर ती घासू नका: काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.