शब्दचर्चा : वखारीतली मराठी – सूत, चिराई, वाराई, कूप आणि 'कमर्शियल'

बांधकामग्रस्त :
गावाकडच्या घराचं काम काढलंय. वखारीत जाऊन सागाचा ओंडका निवडला आणि तिथेच दारांच्या चौकटी चिरून घेतल्या. बिलावर लाकडाच्या रकमेखाली 'चिराई', 'रंधा', 'हमाली' आणि 'वाराई' अशा चार ओळी आहेत. रंधा आणि हमाली कळली. बाकी दोन कशाच्या? शिवाय चौकट 'चार बाय अडीच'ची ठरली होती, घरी टेप लावली तर पावणेचार बाय सव्वादोन भरली. शेठना फोन केला तर म्हणाले, "दोन सूत रंध्यात गेलं ना!" जाणकारांनी अर्थ सांगावा. फसवलं असेल तर तेही सांगावं, मन घट्ट केलंय.

वखारवाला :
फसवलेलं नाही, मन सैल करा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार बाय अडीच हे करवतीतून बाहेर पडताना असलेलं माप. मग रंधा मारून सगळी अंगं गुळगुळीत केली की प्रत्येक अंगाचं एकेक सूत जातं. समोरासमोरची दोन अंगं, म्हणून दोन सूत, म्हणजे पाव इंच. तुमची चौकट बरोबर भरली आहे. मिस्त्री माप सांगतो ते नेहमी रंध्याआधीचं, आणि घरमालक टेप लावतो ती रंध्यानंतर. आमच्याकडची निम्मी भांडणं या दोन क्षणांच्या मधली असतात.

चिराई म्हणजे ओंडका चिरून देण्याची मजुरी, घनफुटावर लागते. प्रत्येक चिरेला पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. त्या लाकडाचे पैसे तुम्ही ओंडक्याच्या मापात दिलेले असतात, भुसा मात्र वखारीचा. तो पोल्ट्रीवाला पोत्यात भरून घेऊन जातो आणि त्याचेही पैसे देतो. एकच माल दोनदा विकायची सोय या धंद्यात एवढीच आहे, ती तेवढी आम्हाला असू द्या.

डॅलसकर :
पाव इंचावर रडू नका. इथे अमेरिकेत 'दोन बाय चार' मागितलं की दीड बाय साडेतीन मिळतं. पूर्ण अर्धा इंच गायब, आणि तेच प्रमाणित माप! २०१७ मध्ये काही ग्राहकांनी 'चार बाय चार' साडेतीनच भरतं म्हणून मोठ्या दुकानसाखळ्यांवर दावे लावले होते. ते टिकले नाहीत. न्यायाधीशाच्या जागी एखादा मिस्त्री बसवला असता तर वकिलांचे पैसेही वाचले असते.

व्युत्पत्तीवेडी :
सूत म्हणजे मुळात दोरा. सुतार हा शब्दही सूत्राशीच बांधलेला आहे, 'सूत्रधार'वरून आलेला. 'सुतासारखा सरळ करणे' यातलं सूतही चरख्यावरचं नसून सुताराचंच असावं असं मला वाटतं. पण दोऱ्याचं नाव इंचाच्या आठव्या भागाला का?

वखारवाला :
का ते तुम्ही शोधा. पण सरळपणाबद्दल बरोबर बोललात. आमच्याकडचा जुना मिस्त्री अजून ओंडक्यावर दोरीनेच रेघ मारतो. दोरी गेरूच्या पाण्यात बुडवायची, एक टोक पोऱ्याच्या अंगठ्याखाली, दुसरं आपल्या. मध्ये चिमटीत धरून सरळ वर ओढायची आणि सोडायची. फट्! दहा फूट लांब लाल रेघ, खडबडीत सालीवरसुद्धा. चिमूट जरा तिरकी ओढली तर रेघ फसते आणि पोऱ्याला शिव्या बसतात, चूक कोणाचीही असो. मशीनवर लेझरचा लाल पट्टा आला आहे. मिस्त्री त्यालाही 'सूत'च म्हणतो.

वाशीकर :
वाराईचं मी सांगतो, कारण आमच्याकडे त्यावरून गाड्या अडतात. माल उतरवण्याची मजुरी ती वाराई. व्यवहारात हमाली सहसा माल घेणाऱ्याच्या नावावर पडते आणि वाराई ट्रकवाल्याकडून मागितली जाते. ट्रकवाला म्हणतो, मी भाडं घेतलं, उतरवणं माझं काम नाही. व्यापारी म्हणतो, माल माझ्या दारात जमिनीवर येईपर्यंत तुझा. शेवटी ती कोणाच्या तरी बिलात शिरते. बहुधा जो त्या वेळी तिथे हजर नसतो त्याच्या. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हापासून हमालांच्या मजुरीला शिस्त लागली, पण 'वाराई कोणाची' हा वाद अमर आहे.

बांधकामग्रस्त :
म्हणजे मी ट्रकवाल्याची वाराई भरली?

वाशीकर :
हो. अभिनंदन.

वखारवाला :
आता तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो म्हणजे हिशेब फिटेल. ओंडक्याचं माप कसं घेतात पाहिलंत का? मध्यावर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. याला 'क्वार्टर गर्थ' म्हणतात. समजा घेर चार फूट आणि लांबी दहा फूट. चौथा हिस्सा एक, एकाचा वर्ग एक, गुणिले दहा, झाले दहा घनफूट. आता शाळेतल्या पायने खरं घनफळ काढा : पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येतं. म्हणजे शंभरातले सुमारे साडेएकवीस हिस्से मापात धरलेच जात नाहीत. गोल ओंडका चौकोनी करताना कडेच्या पाठी, म्हणजे सालीकडच्या गोलसर फळ्या, वाया जातात म्हणून ही सूट. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ मध्ये याची कोष्टकं छापली, आणि इंग्लंडात फारसं कोणी वापरत नसलं तरी आम्ही ती चालवतो आहोत.

मापात पाप आहे, पण ते गिऱ्हाइकाच्या पदरात पडणारं. हे समजावून सांगितलं की लोक आणखी संशयाने बघतात. एका गणिताच्या मास्तरांनी तर पायने हिशेब करून दाखवला आणि 'तुमचं चुकतंय' म्हणून खरं माप लावायला सांगितलं. शेठनी हात जोडले आणि जुन्याच हिशेबाने बिल केलं.

याच पद्धतीत पन्नास घनफुटांना 'टन' म्हणतात. त्याचा वजनकाट्याशी काही संबंध नाही. ब्रह्मदेशातलं लाकूड वर्षानुवर्षं असंच टनावर विकलं गेलं. आणि 'ब्रास' (शंभर घनफूट) हे माप वाळू-खडीला, लाकडाला नाही. ते एकदा मनात पक्कं करा.

नागपूरकर :
आमच्या इकडे वखार फार कोणी म्हणत नाही, 'टाल' म्हणतात. जिथे लाकूड चिरतात ती 'आरामशीन'. सरकारी कागदावर तिचीच 'आरागिरणी' होते. वखार म्हटलं की आमच्याकडचा शेतकरी वखार महामंडळाच्या गोदामात तूर टाकायला निघेल. आणि इतिहासाच्या पुस्तकातली इंग्रजांची राजापूरची वखार वेगळीच. तिथे लाकूड विकत असतील असं मला सहावीपर्यंत वाटायचं. महाराजांनी ती १६६१ मध्ये लुटली ते कळलं, पण एवढे ओंडके नेले कसे ते कळेना.

वनखात्याचेही काही शब्द घ्या. 'कूप' म्हणजे विहीर नव्हे. फ्रेंच 'कूप' म्हणजे तोड, त्यावरून त्या वर्षी तोडायला ठरवलेला जंगलाचा तुकडा. 'यंदा कूप सुटला' हे वाचून पुण्याच्या पाहुण्यांनी पाण्याची चौकशी केली होती. 'बीट' म्हणजे वनरक्षकाचा हद्दीचा तुकडा, शुद्ध सरकारी मराठीत नियतक्षेत्र. पण जळाऊ लाकडाच्या रचलेल्या ढिगालाही 'बीट'च. त्यामुळे 'बीटवर बीट कमी भरले' हे वाक्य आमच्याकडे निरोगी समजतात. ओंडक्यावर नंबर आणि हातोड्याचा ठसा असतो आणि गाडीसोबत 'पास' लागतो, म्हणजे वाहतूक परवाना. चेकनाक्यावरचं जुनं वाक्य आहे : ड्रायव्हर दहावी नापास चालेल, लाकूड पास पाहिजे.

वखारवाला :
चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाला पुण्या-मुंबईत 'सीपी टीक' म्हणतात हेही सांगा ना. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० मध्ये कागदावरून गेला, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. लाकूड अजून इंग्रजांच्या राज्यात आहे. त्याच पट्ट्यातला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत गेला. त्यानंतर आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक "तोच द्या" म्हणत होतं. भाव ऐकून 'मलेशियन साल' हे स्वस्तातलं लाकूड घेऊन जात होतं.

'बर्मा टीक'चं तर विचारूच नका. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला साग भरपूर येतो, घाना, इक्वाडोर वगैरे. पण आजोबांची पेटी प्रत्येकाची बर्मा टीकचीच. एक गृहस्थ तशी पेटी विकायला घेऊन आले होते. मिस्त्रीने नखाने खरवडून वास घेतला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, आंबा आहे. पण जुना आहे."

व्युत्पत्तीवेडी :
'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' यातलं फिरणं लाकडाचं आहे का? मला नेहमी वाटायचं की नशीब फिरतं तसं.

वखारवाला :
म्हणीचा उगम माझा विषय नाही, पण वासा खरोखर फिरतो. ओलं लाकूड चढवलं की वाळताना त्याला पीळ पडतो. आमच्या भाषेत 'लाकूड फिरलं'. म्हणून मिस्त्री विचारतो, "मुरलंय का?" लोणच्यासारखंच. वाकलं तर 'बाक आला', पावसाळ्यात दार बसेनासं झालं तर 'फुगलं'. यातलं काहीही झालं की गिऱ्हाईक लाकडाला नाव ठेवतं, लाकूडवाला मिस्त्रीला, आणि मिस्त्री हवामानाला.

'बडा घर पोकळ वासा' मात्र आम्ही दर लिलावात जगतो. बाहेरून ओंडका पैलवान, आत ढोली. म्हणून डेपोत माणसं हातात दगड घेऊन ओंडके ठोकत फिरतात. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ असेल तर आवाज बसका येतो. 'ठोकून बघितलाय' हा आमच्याकडचा सर्वांत मोठा दाखला. स्थळ बघायला गेलेले आमचे शेठ परत येऊन हेच म्हणाले होते, मुलाकडच्यांना ते पुढे कसं कळलं कोण जाणे.

वाशीकर :
जळाऊ लाकडाच्या 'मण'चंही सांगा. आमचे वखारवाले कच्छी पटेल. ते म्हणतात वीस किलो, आमचे आजोबा म्हणायचे चाळीस.

वखारवाला :
दोघेही खरे. गुजरातेत मण वीस किलोचा चालतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाळीसचा धरतात, आणि इंग्रजी काळातला प्रमाण मण साधारण ३७.३ किलोचा. म्हणून भाव ठरवताना मण बोलावा, पैसे देताना किलो. आरागिरण्या बऱ्याच ठिकाणी कच्छी पटेलांच्या असल्यामुळे वखारीतली मराठी अर्धी गुजराती आहे आणि कोणाचं काही बिघडत नाही.

जळाऊ वखारीचा एक नियम मात्र भाषेचा आहे. मर्तिकासाठी लाकडं न्यायला आलेल्याला कोणी "या पुन्हा" म्हणत नाही, आणि तोही निघताना "येतो" म्हणत नाही. पैसे देतो आणि निघतो. नवीन पोऱ्याला पहिल्या दिवशी वजनकाट्याच्या आधी हे शिकवतात, कारण एकदा एकाने सवयीने "आणखी काही लागलं तर सांगा" म्हटलं होतं.

पुण्याची :
'भवानी' राहिलं! सकाळची पहिली विक्री. हिंदीत बोहनी, आपण देवीच करून टाकली. टिंबर मार्केट भवानी पेठेतच आहे, त्यामुळे "भवानीत भवानी झाली नाही अजून" हे मी स्वतः ऐकलंय.

बांधकामग्रस्त :
सगळ्यांचे आभार. आता कपाटांसाठी प्लाय घ्यायचाय. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "मिस्त्री कोण?" याचा अर्थ?

वखारवाला :
अर्थ असा की भावात मिस्त्रीचं चहापाणी धरायचं की नाही. "मी स्वतःच आलोय" म्हणा आणि मिस्त्रीला दुकानाचं नाव सांगू नका. अर्थात मग तो म्हणेल, हा प्लाय हलका आहे.

प्लायचे शब्द फार फसवे. 'कमर्शियल' ऐकून लोक गॅस सिलिंडरची आठवण काढतात : "नको नको, आम्हाला घरगुती वापराचा हवाय." 'मरीन' ऐकून विचारतात, बाथरूममध्ये बुडवून ठेवला तर चालेल ना. बुडवून कशाला ठेवता? मरीनचं मानक आयएस ७१०, त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात आणि थर सुटतात का ते बघतात. कमर्शियल म्हणतात तो आयएस ३०३ मधला, दमट हवा सोसतो, पाणी नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली मरीन, बेडरूमच्या कपाटाला कमर्शियल पुरे.

बांधकामग्रस्त :
दुकानदार 'सेमी मरीन' घ्या म्हणतोय.

वखारवाला :
तो अर्धा बुडतो. गंमत सोडा, मानकांत असा प्रकारच नाही. शीटवर आयएसआयची खूण आणि ७१० किंवा ३०३ हा आकडा छापलेला आहे का तेवढं बघा. छाप नसेल तर बिलावर 'सेमी मरीन' असं लिहून मागा. लिहून देत नाहीत.